काजळीची तपासणी

विजयाताईंनी फिनेलची तिसरी बादली फरशीवर ओतली आणि खराट्यानं पाणी मागच्या दाराकडे लोटलं. दिवाण भिंतीपासून दोन हात पुढे ओढलेला होता. पंधरा दिवस त्याच्याखाली साठलेलं सगळं, केसांची पुंजकी, सांडलेले दाणे आणि कुणीतरी अंग चोरून बसल्याचा फरशीवरचा मळकट डाग, पाण्याबरोबर मागच्या अंगणात वाहून गेलं.

"अहो, पाय उचला."

शामकांतांनी पाय उचलून खुर्चीवर घेतले. सकाळपासून त्यांनी चार वेळा खुर्ची हलवली होती आणि आता हलवायला कोरडी जागाच उरली नव्हती.

"मागचं दार कधीपासून उघडं आहे?" त्यांनी विचारलं.

"पाणी काढायला उघडलंय. आत्ताच."

"आत्ताच कसं? मघाशी मला त्यातून कचऱ्याची गाडी दिसली. गाडी दहाला येते. आता साडेदहा झाले."

खराटा थांबला. विजयाताईंनी आधी दाराकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराकडे. दोघांनी मिळून दिवाण ओढला तेव्हा त्याच्याखालून काळं काहीतरी सुटलं होतं आणि त्यांच्या पायांमधून थेट स्वयंपाकघरात गेलं होतं. एवढं नक्की. त्यानंतर कुणी तिकडे पाहिलं नव्हतं. विजयाताईंनी मनाशी धरलं होतं की तासाभरात फरशी वाळेल, दिवाण जागेवर जाईल आणि वर्ग झाडून झाल्यावर मुलं आपापल्या जागी बसतात तसं मांजर पुन्हा त्याच्याखाली जाऊन बसेल.

"दार लावा," त्या म्हणाल्या आणि हातातला खराटा तसाच घेऊन स्वयंपाकघरात गेल्या.

पिठाच्या डब्यामागे मांजर नव्हतं. सिलिंडरमागे नव्हतं. त्यांनी फ्रिजखाली टॉर्च मारली, ओट्याखालच्या कपाटातले कुकर आणि कढया बाहेर काढल्या, स्टूल ओढून माळ्यावरच्या डब्यांच्या मागे हात घातला. हाताला कोळिष्टक लागलं. एरवी त्या तिथेच केरसुणी घेऊन उभ्या राहिल्या असत्या.

"काजळी," त्यांनी हाक मारली. मग आवाज मऊ करून पुन्हा मारली. पस्तीस वर्षं चौथीच्या वर्गावर चाललेला तो आवाज. तो मऊ करायला गेलं की नुसता हळू व्हायचा, मऊ काही व्हायचा नाही.

काजळी आली नाही. आणि चार वाजता तपासणीचा माणूस यायचा होता.

पंधरा दिवसांपूर्वी पुणे रस्त्यावर, सुप्याच्या थोडं अलीकडे असलेल्या प्राण्यांच्या शेल्टरमधून त्यांनी तिला आणली होती. तिथे पायात घोटाळणारी, अंगठा चाटणारी, फोटोसाठीच जन्माला आल्यासारखी मांजरं पुष्कळ होती. विजयाताई त्या सगळ्यांना ओलांडून शेवटच्या पिंजऱ्यापाशी थांबल्या. आत एक काळी मांजरी भिंतीकडे तोंड करून, एका जुन्या टॉवेलवर बसली होती. शेपटीचं टोक जळून बोडकं झालेलं.

"ही," त्या म्हणाल्या.

"काकू, ही सोपी नाही," शेल्टरच्या तरुण डॉक्टरीण मनवा म्हणाल्या. "उसाच्या फडात आगीत सापडलेली आहे. सात महिने झाले, अजून माणसाला भिते. दोन घरांतून परत आलीये."

"सोपं मला कधी दिलंच नाही कुणी," विजयाताई म्हणाल्या. "शाळेत सगळ्यांनी हात टेकलेली मुलं माझ्याच वर्गात पाठवायचे."

डॉक्टरीणबाईंनी तरी समजावून सांगितलं. ती जिथे लपेल ती तिची जागा, ती हलवायची नाही. बरोबर दिलेला टॉवेल धुवायचा नाही. मागे लागायचं नाही. पंधरा दिवसांनी आमचा माणूस येऊन बघून जाईल. घर तिला मानवत नाहीसं वाटलं तर तो तिला परत घेऊन येईल, आणि तिसऱ्यांदा परत आली तर मग आम्ही तिला पुन्हा कुणाला देणार नाही. विजयाताईंनी हे सगळं वहीत लिहून घेतलं, मुद्द्यांना आकडे घातले आणि खाली रेघ ओढली.

लिहून घेतलं खरं. पण तपासणी हा शब्द कानावर पडला की विजयाताईंच्या अंगात काय संचारायचं ते राहुरी तालुक्यातल्या त्यांच्या शाळेला विचारावं. तपासणीच्या आदल्या दिवशी तिथे फळे काळे व्हायचे, खिडक्यांच्या गजांवरून ओलं फडकं फिरायचं, झाडांच्या बुंध्यांना गेरू लागायचा, आणि मुलांची नखंसुद्धा रांगेत उभी करून कापली जायची. साहेब यायचे, नाकानं एक मोठा श्वास घ्यायचे आणि 'वा, बाई' म्हणायचे. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी विजयाताईंच्या लेखी तपासणी म्हणजे तेच होतं. त्यामुळे काल त्यांनी तो टॉवेल निळीत घातला, आणि आज सकाळी दिवाण ओढला.

"धुवायचा नव्हता ना तो?" शामकांतांनी काल दोरीकडे बघत विचारलं होतं.

"मळून काळा झाला होता. माणूस येऊन काय म्हणेल? पंधरा दिवस हेच अंथरलं?"

शामकांत पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर वरच्या साहेबाची सही होईपर्यंत थांबायची त्यांना सवय होती, आणि घरातही ती उपयोगी पडत होती.

खरं दुखणं वेगळंच होतं. त्यांची लेक भार्गवी पुण्याहून दर रविवारी फोन करायची. आईनं उचलला की पाणी आलं का, जेवण झालं का, आणि मग 'बाबा आहेत का जवळ?' बाबांशी ती अर्धा-अर्धा तास बोलायची, मध्येच हसायची. विजयाताई भाजी निवडत कान तिकडे ठेवायच्या. लेकीचं काही चुकतंय असं त्यांना वाटत नव्हतं. शाळेतली मुलंही त्यांच्याकडे बोलावल्यावरच यायची. आपणहून कुणी येत नाही हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण हल्ली ते त्यांना फार लागायला लागलं होतं. एका तरी जिवानं न बोलावता आपल्याजवळ येऊन बसावं, एवढंच त्यांना हवं होतं. आणि त्यासाठी त्या दिवसातून वीस वेळा दिवाणाखाली वाकून 'ये ना गं, ये ना' करत होत्या.

शामकांतांना मात्र ती तीनदा दिसली होती. पहाटे ते पेपरची वाट बघत बसलेले असताना ती बाहेर आली, पाण्याच्या वाटीपर्यंत गेली आणि परत गेली. तिसऱ्यांदा तर तिनं त्यांच्या चपलेचा वासही घेतला.

"तुमच्यासमोर येते, माझ्यासमोर का नाही?" विजयाताईंनी विचारलं होतं. विचारताना हसल्या होत्या, पण शामकांतांना ते हसू नीट कळलं.

"मी काही करत नाही, म्हणून," ते म्हणाले होते.

दुपारभर घर पुन्हा उलथंपालथं झालं. दिवाण जागेवर गेला. पलंगाखालच्या पेट्या बाहेर आल्या, आत गेल्या. विजयाताई अंगणात जाऊन शेजारच्यांच्या भिंतीवरून वाकून आल्या, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आल्या. टोकाला ट्रान्सफॉर्मरखाली नेहमीची तीन कुत्री झोपलेली होती. त्यांच्या तोंडांकडे बघायला विजयाताईंना धीर होईना, तरी त्यांनी पाहिलं. काही दिसलं नाही. परत येताना त्यांना चप्पल उलटी घातल्याचं लक्षात आलं.

पावणेचारला त्यांनी अंगावरची साडी बदलून इस्त्रीची साडी नेसली. आंघोळीला वेळ नव्हता. घामावर पदर ओढून घेतला, कपाळ पुसलं आणि टेबलावर वही मांडली. वहीत पंधरा दिवसांच्या पंधरा नोंदी होत्या, निळ्या शाईत, सुवाच्य. पहिल्या चार दिवसांच्या खऱ्या होत्या. पाचव्या दिवसापासून त्यांचं पेन जरा पुढे पळालं होतं. पाचवा दिवस: हाक मारल्यावर मान वळवली. सातवा दिवस: हातून दाणे खाल्ले. नववा दिवस: मांडीवर बसली, दहा मिनिटे. लिहिताना त्यांना ते खोटं वाटलं नव्हतं. होईलच उद्यापर्यंत, असं धरून त्यांनी लिहिलं होतं.

चार वाजून पाच मिनिटांनी फाटकाची कडी वाजली.

आलेला माणूस पन्नाशीचा, काटकुळा, एका पायात थोडा लंगडत चालणारा होता. त्यानं चपला फाटकाबाहेरच काढल्या आणि पायरीवर उभा राहून हात जोडले.

"या, या. शेल्टरमधून ना? नाव काय आपलं?"

त्यानं गळ्यातलं कार्ड पुढे धरलं. कानिफनाथ, प्राणीसेवक.

"पाणी देऊ? चहा?"

त्यानं छातीवर हात ठेवून मान हलवली. नको.

विजयाताईंनी शामकांतांकडे पाहिलं. शामकांतांनी खांदे उडवले. मौन असेल, विजयाताईंनी ठरवलं. कुणाचा काय नेम असेल सांगता येत नाही. आणि मग समोरचा बोलत नाही म्हटल्यावर पुष्कळ माणसं करतात तेच त्यांनी केलं. त्या मोठ्यानं आणि हातवारे करून बोलू लागल्या.

"हे पाणी! रोज दोनदा बदलते! ही खाण्याची ताटली, स्टीलची! मी मुख्याध्यापिका होते, त्यामुळे शिस्त आहे घराला!"

कानिफनाथ बघत होता. त्यानं फिनेलचा वास घेतला. वा, बाई असं काही तो म्हणाला नाही. उलट त्याच्या नाकपुड्या बारीक झाल्या. त्यानं ओणवं होऊन दिवाणाखाली पाहिलं. फरशी चकचकीत होती. तो तसाच गुडघ्यांवर काही वेळ राहिला आणि उठला. खिडकीतून त्याला मागची दोरी दिसली. दोरीवर, सकाळच्या साड्या आणि अभ्रे यांच्या शेजारी, तो टॉवेल वाळत होता, निळसर पांढरा. त्याच्यावर कानिफनाथची नजर बराच वेळ राहिली.

"ती आत आहे!" विजयाताई म्हणाल्या. "आराम करतेय कुठेतरी!"

तो स्वयंपाकघराच्या दारात गेला. आत गेला नाही. डोळे मिटून, मान थोडी खाली घालून उभा राहिला. विजयाताईंना आपल्या हातांचं काय करावं कळेना. शाळेतही न बोलणारा साहेब सगळ्यात वाईट असायचा. बोलणाऱ्याला उत्तर देता येतं.

त्या टेबलाशी गेल्या आणि वही उघडून त्याच्या हातात दिली. कानिफनाथ एकेका ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचत गेला. नवव्या दिवसाशी बोट थांबलं. त्यानं मान वर करून विजयाताईंकडे पाहिलं. रागानं नाही, चेष्टेनंही नाही. वडिलांच्या अक्षरातला गृहपाठ घेऊन आलेल्या पोराकडे विजयाताईंनी असंच पाहिलेलं होतं, कितीतरी वेळा, आणि पोर आता काय बोलेल याची वाट पाहिलेली होती.

"ते खरं नाही," त्या म्हणाल्या. आवाज आपोआप खाली आला होता. "हातून दाणे खाल्ले, तेही नाही. रात्री ठेवते ते सकाळी संपलेलं असतं, तेवढं खरं. मी तिला पंधरा दिवसांत एकदाही धड पाहिलेली नाही. आणि आज सकाळी दिवाण ओढला. मागचं दार उघडं राहिलं. ती घरात आहे की गेली, मला माहीत नाही."

शामकांत खुर्चीतून उठून उभे राहिले. बेचाळीस वर्षांच्या संसारात 'मला माहीत नाही' हे वाक्य त्यांनी बायकोच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

कानिफनाथनं वही मिटून टेबलावर ठेवली, आपली फाईल उचलली आणि विजयाताईंना बाहेर यायची खूण केली. फाटक ओलांडलं. चपला घातल्या. गल्लीतून तो पुढे आणि इस्त्रीच्या साडीतल्या विजयाताई मागे, असे ते कोपऱ्यावरच्या बंद किराणा दुकानापर्यंत गेले. तिथे त्याची मोटरसायकल लावलेली होती. त्यानं मागे वळून घर किती लांब आहे ते पाहिलं.

"आता बोला, बाई," तो म्हणाला.

विजयाताई दचकल्या. "तुम्हाला बोलता येतं?"

"येतं की. लई बोलतो मी. आत बोलायचं न्हवतं."

"का?"

"माजा आवाज वळकती ती. प्रवरंकडं फडात तोडीला हुतो आमी, तवा उसाचं वाळलेलं पाचट पेटवलं. हिची चार पिलं आत. ही समद्यात शेवटाला निगाली, शेपूट जळत हुतं. माज्या टावेलात धरली. तवापासनं माज्या आवाजावर हाय. नुस्तं 'ये बाय' म्हनलं ना, कुटं बी आसू द्या, येती आन् खांद्यावर बसती."

"मग म्हणा ना!" विजयाताईंनी त्याचा दंडच धरला. "चला, आत चला आणि म्हणा. निदान घरात आहे की नाही तेवढं तरी कळेल!"

कानिफनाथ हलला नाही.

"आदी दोन घरी तसंच केलं," तो म्हणाला. "पयल्या घरी गेल्तो. ते म्हनले, मांजर सापडंना. मी म्हनलो ये बाय. आली. समदी खूश. मी आलो निगून, आन् तिनं खानं सोडलं. दाराशी बसून ऱ्हायची. नऊ दिस. परत आनावी लागली. दुसऱ्या घरी बी त्येच. माजीच चूक हुती ती, बाई. ती आली की मला बरं वाटायचं."

विजयाताईंनी त्याचा दंड सोडला.

"मग तुम्हीच का नाही ठेवत तिला?"

"कुटं ठिवू? घरची मालकीन, बायको माजी, दिवाळी झाली की देवळालीकडं फडावर जाती. माजा पाय मोडला, म्हनून मी शेल्टरात कामाला लागलो. पत्र्याची खोली, भाएर चाळीस कुत्री. तितं मांजरी दिसभर पेटीमागं बसती. तिला घर पायजे. मी न्हाई पायजे."

हे तो रस्त्याकडे बघत म्हणाला. एक रिक्षा गेली. ट्रान्सफॉर्मरखालचं एक कुत्रं उठलं, अंग झाडून पुन्हा बसलं.

"पण ती बाहेर गेली असेल तर? अर्धा तास दार उघडं होतं."

"आग बगितलेलं मांजर उगड्यावर पळत न्हाई. घुसतं. आत, आनखी आत. घरातच हाय ती, माजी खात्री हाय." त्यानं फाईल एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "पन माजी खात्री तुमच्या काय कामाची? तुमाला तुमची पायजे आसंल तर आत जाऊन बोलतो. आली, की मंग घिऊन जातो. ऱ्हायची न्हाई ती हितं, मी बोलल्यावर. तुमी सांगाल तसं."

विजयाताई तशाच उभ्या होत्या. पदराचं टोक त्यांच्या बोटांभोवती गुंडाळलं जात होतं, सुटत होतं. दोन शब्दांचं काम होतं. दोन शब्द, आणि सकाळपासून चाललेली ही शोधाशोध संपली असती. हजेरी घेतल्याशिवाय त्यांनी आयुष्यात कधी फळ्यावर तारीखसुद्धा टाकली नव्हती. जिवंत आहे, धड आहे, एवढं एकदा डोळ्यांनी बघितलं की मग नेली तरी चालेल, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. आणि लगेच कळलं की चालणार नाही. जराही चालणार नाही.

"नका बोलू," त्या म्हणाल्या.

कानिफनाथनं मान डोलावली. मोटरसायकलच्या सीटवर फाईल ठेवून त्यानं फॉर्म काढला. शेवटचा रकाना होता: मांजर प्रत्यक्ष पाहिले का.

"नाही लिहा," विजयाताई म्हणाल्या. "खरं तेच लिहा."

त्यानं लिहिलं. मग खाली आणखी काहीतरी लिहिलं, सावकाश, आणि त्यांच्याकडे वळवून दाखवलं. 'अजून आठ दिवस द्यावेत.'

"आट दिसांनी डॉक्टरबाई येतील. मी न्हाई येनार आता."

"टॉवेल तुमचा होता ना? मी धुतला. धुऊ नका म्हणून सांगितलं होतं, तरी."

"ऱ्हाऊ द्या. माजा वास आता नगोच तिला." त्यानं बाहीनं तोंड पुसलं. "तुमच्या अंगावरचं कायतरी ठिवा. न धुतलेलं."

त्यानं गाडी स्टँडवरून काढली, पण सुरू केली नाही. लंगडत, हातानं ढकलत तो तिला मोठ्या रस्त्याकडे घेऊन गेला. गाडीचा आवाजही ती ओळखत असणार, हे विजयाताईंना तो वळणावर दिसेनासा झाल्यावर उमगलं.

घरी शामकांत टॉर्च घेऊन फ्रिजसमोर पालथे पडले होते.

"राहू द्या," विजयाताई म्हणाल्या.

"काय म्हणाला तो?"

"शोधायचं नाही."

"म्हणजे? आहे का ती घरात?"

"माहीत नाही. पण शोधायचं नाही."

शामकांतांनी टॉर्च बंद केली. बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते बाहेरच्या खोलीत जाऊन बसले.

अंगावरचं काहीतरी, न धुतलेलं. विजयाताईंनी कपाट उघडलं. साड्या घड्यांच्या, चादरी घड्यांच्या. उशीचे अभ्रे दोरीवर. सकाळी नेसलेली साडी पावणेचारलाच सर्फच्या पाण्यात पडलेली. पायपुसणंसुद्धा ओलं होतं. मोरीत, दाराआड, खुंटीवर, सगळीकडे त्या बघत गेल्या. या घरात न धुतलेलं असं काहीच नव्हतं. जन्मभर जिचा अभिमान वाटला त्या गोष्टीचा त्यांना आज पहिल्यांदा वीट आला आणि खुंटीला टेकून त्या तोंडावर पदर घेऊन जरा रडल्या. पदराला घामाचा वास येत होता. घरात न धुतलेलं होतं ते एवढंच, अंगावरचं.

मग त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्याकडे पाठ करून खाली फरशीवर बसल्या. सतरंजी घेतली नाही.

बसणं हे फार अवघड काम निघालं. समोरच्या भिंतीवर फोडणीचा एक शिंतोडा होता आणि तो त्यांना सकाळी दिसला नव्हता. नळ थेंब-थेंब गळत होता. हात आपोआप उठायचे. शेवटी त्यांनी दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून धरले. गल्लीत कुत्री भुंकली तेव्हा त्या अर्ध्या उठल्या आणि पुन्हा बसल्या. हाक मारावी असं तीनदा ओठांवर आलं. ये ना गं. नाही मारली. ती नसेल तर काय, हा विचार आला की त्या श्वास मोजायच्या, चाळीसपर्यंत, आणि पुन्हा एकपासून. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं, पिवळं झालं, गेलं. कुणाच्या तरी घरी कुकरच्या शिट्या झाल्या. शेजारी दिवा लागला. मुंग्या येऊन पाय बधिर झाले होते आणि डाव्या गुडघ्यात कळ सुरू झाली होती. आता मन पळत नव्हतं. थकून एका जागी बसलं होतं.

बाहेरच्या खोलीत शामकांतांची खुर्ची वाजली. दिवेलागणीला चहा टाकायची त्यांची वेळ झाली होती. ते चपला न घालता आले, सवयीनं हात आत घालून बटणावर ठेवला, आणि हात तिथेच राहिला.

त्यांनी दिवा लावला नाही. बटणावरचा हात अगदी सावकाश खाली आला; त्यांची नजर विजयाताईंच्या मागे, फरशीवर पसरलेल्या पदराच्या टोकावर होती.

"विजया," ते म्हणाले. इतक्या हळू की विजयाताईंना ते ऐकू आलं की नुसतं जाणवलं, सांगता येणार नाही. "उठू नकोस."

एरवी विजयाताईंनी 'का?' म्हणून तीनदा विचारलं असतं. त्यांनी विचारलं नाही. मागेही पाहिलं नाही. गुडघ्यातली कळ आता पार कमरेपर्यंत गेली होती, आणि त्यांनी पाय हलवला नाही.